एका शब्दाच्या पोटातले शब्द

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत शब्दसंपत्तीच्या कृतींमध्ये एक लहानसा प्रश्न येतो : दिलेल्या शब्दातील अक्षरांपासून अर्थपूर्ण शब्द तयार करा. गुण एक, फार तर दोन. क्लासवाले सांगतात, डोळ्यांना दिसतील ते दोन शब्द लिहा आणि पुढे सरका. परीक्षेपुरता हा सल्ला ठीक आहे. पण परीक्षा नसतानाही, घरात चार मुले जमवून, हा खेळ आपण खेळत राहावा असे मला फार दिवसांपासून वाटते. मराठी कोणाची, या प्रश्नावर आपल्याकडे जेवढी भाषणे झाली, त्यांतल्या बहुतेकांपेक्षा हा खेळ मुलांना अधिक शिकवतो. तो वादही घालत नाही. एक मोठा शब्द घ्यायचा, त्याची अक्षरे सुटी करायची आणि बाहेर काय पडते ते पाहायचे.

मी आमच्या शहराचाच एक शब्द घेतो : महानगरपालिका. नाशिकची महानगरपालिका 1982 मध्ये अस्तित्वात आली. तेव्हापासून हा शब्द आपल्या पाणीपट्टीवर, घरपट्टीवर, जन्मदाखल्यावर आणि घंटागाडीवर आहे. वडाळ्यातल्या आणि चौक मंडईतल्या मुलांना तो वाचता येतो, कारण तो रोज समोर असतो. अक्षरे आठ : म, हा, न, ग, र, पा, लि, का.

आता खेळाचे नियम. इंग्रजीत हे सोपे असते. एक अक्षर म्हणजे एक चौकोनी सोंगटी. स्क्रॅबल त्यावरच उभा आहे. देवनागरीत अक्षराला काना, मात्रा, वेलांटी चिकटलेली असते, शिवाय जोडाक्षरे असतात. त्यामुळे मराठीत हा खेळ दोन तऱ्हांनी खेळता येतो. पहिली तऱ्हा कडक : अक्षर जसे आहे तसेच उचलायचे, 'पा' हवा तर 'पा'च, 'प' नाही. दुसरी तऱ्हा सैल : काने आणि वेलांट्याही सुट्या करायच्या आणि हव्या त्या अक्षराला लावायच्या; मात्र जेवढ्या आहेत तेवढ्याच, जास्त नाहीत. आपल्या शब्दात तीन काने आहेत आणि एक ऱ्हस्व वेलांटी. लहान मुलांसाठी कडक नियम बरा, कारण त्यात हिशेब सोपा राहतो. सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांना सैल नियमात खरी मजा येते.

कडक नियमाने पाहू. नगर आणि पालिका तर समोरच आहेत. मग महान, मन, मग, नर, गर, पान, पार, कान, काम, हार, गमन, पामर. येवल्याकडचा मका. कापा फणसातला कापा. आणि मगर. मगर या शब्दाशी आमच्या घरातली मुले नेहमी थबकतात, कारण शाळेत मगर पाण्यात राहते आणि घरात 'मगर' म्हणजे 'पण'. अक्षरे तीच, आवाज तोच, अर्थ दोन. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला अशी गंमत फुकट मिळते.

आता सैल नियमाने पाहा. कलम. लगाम. नगारा. कमान. कमाल. माल. मालक. हमाल. गरम. नरम. नाहक. निगा. कामगार. सगळे शब्द याच आठ अक्षरांतले आहेत. वाटल्यास पेन्सिल घेऊन एकेक तपासा. आणि मग या शब्दांची कुळे पाहा. कलम, नगारा, कमाल, माल, मालक, हमाल हे अरबीतून आलेले. लगाम, कमान, गरम, नरम, निगा फारसीतले. नाहक मध्ये 'ना' फारसी आणि 'हक' अरबी. कामगार मध्ये काम आपले आणि मागचा 'गार' फारसी प्रत्यय.

गंमत अशी की ज्या शब्दातून हे सारे निघाले तो शब्द मात्र सोवळा आहे. महा, नगर, पालिका, तिन्ही भाग संस्कृत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि परक्या शब्दांना मराठी प्रतिशब्द सुचवले. महापौर, महापालिका, दिनांक, क्रमांक ही त्यांच्या नावावर सांगितली जाणारी नेहमीची उदाहरणे. महानगरपालिका हा त्याच घडणीचा शब्द. सावरकर आमच्याच जिल्ह्यातल्या भगूरचे. त्यांनी दिलेले शब्द मी रोज वापरतो आणि त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. महापौर हा सुंदर शब्द आहे, मेयरपेक्षा कितीतरी सुंदर. तक्रार असलीच तर त्या शब्दांमागच्या अपेक्षेशी आहे : नवा शब्द आला की जुना निघून जाईल. तसे झाले नाही. अर्जावर आपण दिनांक लिहितो आणि कोर्टात मात्र तारीखच पडते. दोन्ही शब्द मराठीने ठेवून घेतले आणि दोघांना वेगवेगळे काम दिले.

हा प्रयत्न त्याहूनही जुना आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देण्यासाठीच. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव झाला. सचिव आणि अमात्य राहिले, चांगलेच रुळले. पण पुढे त्याच राज्याचा कारभार ज्यांच्या हाती गेला ते पेशवे म्हणवले गेले आणि त्यांचे हिशेब फडणीस बघत. हे दोन्ही शब्द फारसीतले. आपल्या सराफ बाजारातल्या पेशवेकालीन वाड्याला आजही सरकारवाडाच म्हणतात : सरकार फारसी, वाडा मराठी, मध्ये भिंत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही मुद्दाम सोयीचा शब्द निवडला. मग उलटे करून पाहू. मोगलाईत नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. गुलशन आणि आबाद, दोन्ही फारसी. त्याची अक्षरे सुटी करा : ग, ल, श, न, ब, द, दोन काने आणि एक उकार. गुलाब निघतो, बाग निघते, बदल निघतो, तो तर निघणारच. पण त्याच अक्षरांतून दान निघते, नाद निघतो, दल आणि बल निघतात, नाग निघतो, दशा निघते. हे सगळे संस्कृतातून आलेले. गुलशनाबादच्या पोटात नाद आहे आणि महानगरपालिकेच्या पोटात नगारा. अक्षरांना जात-धर्म ठाऊक नसतो, हे वाक्य मुलांना सांगून पटत नाही. त्यांनी ते स्वतः वहीत मांडले की न सांगता पटते.

आता हे का लिहावेसे वाटले ते सांगतो. माझी एक भाची मराठी माध्यमात शिकते. शाळेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. वर्गात हाच प्रकार दिला होता आणि काना-मात्रा बदललेल्या चालतील असे सांगितले होते. तिने सहा शब्द लिहिले. नगर, काम, पान, कान यांना बरोबरच्या खुणा मिळाल्या. लगाम आणि नाहक यांच्यावर लाल रेघ, आणि समासात शेरा : मराठी शब्द लिहावेत. दोन गुणांचे मला काही वाटले नाही. खटकले ते पुढे. त्यानंतर घरी खेळताना ती प्रत्येक शब्द लिहिण्याआधी विचारू लागली, "मामू, ये अपना है की मराठी है?"

हा प्रश्न एका मुलीचा नाही. 'आपला' आणि 'मराठी' असे दोन कप्पे तिच्या डोक्यात तयार झाले आणि आपण बोलतो ते सगळे दुसऱ्या कप्प्याबाहेरचे, असे तिने धरून टाकले. शाळेने रेघ मारली ती दोन शब्दांवर, पण मुलीने ती घराच्या उंबरठ्यावर ओढून घेतली. एकदा ही रेघ पक्की झाली की ती पुढे निबंधात दिसते, वक्तृत्व स्पर्धेत दिसते, मुलाखतीत दिसते. मूल बोलण्याआधी शब्द चाळू लागते आणि चाळता चाळता गप्प होते.

त्या शिक्षकांना उत्तर द्यायला भाषण नको, कोश पुरे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा 1831 मध्ये आला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यात शब्दांपुढे कंसात मुळाची खूण असते : हा संस्कृत, हा अरबी, हा फारसी, हा हिंदुस्थानी. खूण आहे, पण शब्द कोशाबाहेर काढलेला नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातही तसेच. मूळ सांगितले आहे आणि शब्दाला मराठी म्हणून जागाही दिली आहे. माधव जूलियन तर फारसीचे अध्यापक. त्यांनी 1925 मध्ये फार्सी-मराठी कोश काढला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने हिरिरीने लिहू लागले. ज्या माणसाला मराठीतले फारसी सर्वात चांगले कळत होते, त्याला ते कमी करावेसे वाटले, आणि त्याच माणसाने मराठीत गझल रुजवली. भाषेचा संसार असा गुंतागुंतीचा असतो. लाल पेनाच्या एका रेघेत तो मावत नाही.

म्हणून आमच्या घरच्या खेळात एक नियम आहे : निवाडा कोशाचा. मामूचा नाही, आईचा नाही, शाळेचाही नाही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही आज मोबाइलवर फुकट उघडतात. मुलांना वाद घालू द्यायचा आणि शब्द शोधायला लावायचा. या नियमाचा दुसराही फायदा आहे. तो आपल्या बाजूनेही पक्षपात करत नाही. मुलांनी एकदा या आठ अक्षरांतून 'नकल' काढला आणि मी तो बाद केला, कारण आज प्रमाण मराठीत नक्कल लिहितात, दोन क लागतात, आणि आपल्याकडे क एकच. त्यावर बरीच आरडाओरड झाली. पण त्यातून एक गोष्ट हाती लागली. अरबीतला अक्ल मराठीत अक्कल झाला, नक्ल नक्कल झाला, रकम रक्कम झाली. मराठीने हे शब्द नुसते उचलले नाहीत, आपल्या तोंडाप्रमाणे मळून घेतले. शब्द पाहुणा असता तर त्याला असे कोणी मळले नसते.

मळून घेणे म्हणजे काय ते कलम या एका शब्दात पाहा. अरबीत कलम म्हणजे बोरूची लेखणी. अरबीतही तो ग्रीकमधून आला असे अभ्यासक मानतात. मुसलमानाच्या घरात या शब्दाला वेगळे मोल आहे. कुरआनच्या सर्वात आधी उतरलेल्या आयतींत कलमाचा उल्लेख आहे आणि 68व्या सूरेचे नावच अल्-कलम आहे. मराठीत आल्यावर या शब्दाने संसार वाढवला. कायद्याचे कलम झाले. आंब्याचे कलम झाले. आणि आमच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचे कलम झाले. ज्यांनी बाग पाहिली आहे त्यांना माहीत आहे, खाली खुंट एका जातीचा असतो, चिवट, कमी पाण्यात आणि खारवट जमिनीत तग धरणारा. त्यावर दुसऱ्या जातीची काडी बांधतात. मुळे एकाची, घड दुसऱ्याचे. परदेशात जाणारी नाशिकची द्राक्षे बहुतेक अशा कलमाच्या वेलीवरच लागतात. मराठीचे वेगळे काय आहे? खुंट जुना आणि पक्का आहे, प्राकृताचा, संस्कृताचा. त्यावर काड्या बांधल्या गेल्या. आता घड कुठल्या काडीचा म्हणून कोणी बाग तोडत नाही.

निगा हा शब्द तर मला विशेष आवडतो. फारसीत निगाह म्हणजे नजर. मराठीत निगा म्हणजे काळजी, राखण. नजर ठेवता ठेवता मराठीने तिची माया केली. आपल्या घरात आपण 'निगाह' म्हणतो आणि शेजारच्या घरात आजी म्हणते, पोराची निगा राख. दोन घरांत एकच शब्द आहे, हे दोघांनाही माहीत नसते. तसाच हमाल. अरबीत हमल म्हणजे ओझे वाहणे. उर्दूत गर्भाला हमल म्हणतात आणि सोसण्याला तहम्मुल. मराठीत या कुळातला हमाल आला आणि बाजार समितीत जाऊन उभा राहिला. पुण्यात बाबा आढावांनी कष्टकऱ्यांची संघटना बांधली तिचे नाव हमाल पंचायत : अरबी शब्द, देशी शब्द आणि मराठी माणूस. कमान घ्या. फारसीत ती धनुष्य होती, मराठीत ती दारावरची वळणदार कमान झाली. गणपतीत स्वागतकमान उभी राहते आणि ईद-ए-मिलादच्या जुलूसलाही. बऱ्याचदा बांबू तेच असतात, मंडपवालाही तोच. आणि गरम? फारसीतला गर्म आणि संस्कृतातला घर्म हे मुळात एकाच घराण्यातले चुलत भाऊ आहेत. त्याच घर्मापासून आपला घाम आला. मग गरम परका आणि घाम आपला, ही वाटणी कोणत्या वकिलाने करायची?

एवढे झाले बाहेरच्यांसाठी. आता घरच्यांसाठी दोन शब्द, कारण रेघ दोन्ही बाजूंनी ओढली जाते.

आपल्या मोहल्ल्यांत मराठीकडे 'पास होण्यापुरता विषय' म्हणून पाहणारे पालक पुष्कळ आहेत. 2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्याआधीही उर्दू शाळांत मराठी शिकवली जात होतीच. पण सक्तीचा विषय आणि आपली भाषा यांत फरक असतो. पस्तीस गुण मिळाले की मराठीचे पुस्तक रद्दीत जाते. पुढे हाच मुलगा पोलीस भरतीला जातो, तलाठ्याच्या परीक्षेला बसतो, सातबारा वाचायला घेतो, तेव्हा त्याला मराठी लागते आणि ती हाताशी नसते. मग आपण म्हणतो, आम्हाला डावलले जाते. डावलले जातेही, ते मी नाकारत नाही. पण जी भाषा आपण स्वतःच परकी ठरवली, तिच्यात जाऊन दाद मागायची कशी?

आणि ती परकी होती कधी? कोकणीपुऱ्यातल्या जुन्या घरांतून विचारा, त्यांच्या आजीची बोली कोणती होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात योगसंग्राम लिहिला तो मराठीत. अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने गाजवली ती मराठीत. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते मराठीत लिहिणारे मुसलमान आधीपासून होते म्हणूनच. आपल्याला नवे काही मिळवायचे नाही. असलेले ओळखायचे आहे.

काही मित्र म्हणतात, असा खेळ खेळलात तर मुलांची उर्दू जाईल. मला उलटे वाटते. शब्द फोडायची सवय लागलेले मूल दुसऱ्या भाषेतही शब्द फोडूनच पाहते. आणि या खेळासाठी उर्दू तर फारच श्रीमंत आहे. अरबीतून आलेल्या शब्दांत बहुधा तीन अक्षरांचा धागा असतो : काफ, ते, बे. त्यातून किताब, कातिब, मकतब, मकतूब असे सारे कुटुंब उभे राहते.  आणखी एक प्रयोग करून पाहा. मराठीत लिहा : जबाब, जमीन, जरा, जिल्हा, जाहीर. सगळ्यांचा ज एक. आता हेच शब्द उर्दूत लिहायला लावा : जीम, ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय. पाच शब्द, पाच वेगळी अक्षरे. उर्दूला शब्दाचे मूळ गाव लक्षात ठेवावेसे वाटले, मराठीला शब्द सोपा करून घ्यावासा वाटला. दोन्ही स्वभाव मुलांना एकाच पानावर दिसतात. मालेगावसारखे उर्दूचे मोठे केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या मुलांनी हा दुहेरी खेळ खेळला तर दोन्ही भाषांचे भले होईल.

'खेळात वेळ घालवण्यापेक्षा अभ्यास करा' असे म्हणणारे वडीलधारेही आहेत. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अक्षरांशी खेळणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग कधीच नव्हता. अकबराच्या दरबारातल्या फ़ैज़ीने कुरआनची तफ़सीर लिहिली ती एकही नुक्तेवाले अक्षर न वापरता. अरबीत निम्म्याहून अधिक अक्षरांना नुक्ते असतात हे लक्षात घेतले की त्या कामाची किंमत कळते. इकडे बारामतीच्या मोरोपंतांनी शंभराहून अधिक रामायणे रचली, त्यांतले एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठाला ओठ लावून म्हणायची अक्षरे वर्ज्य करून. एकाने नुक्ते सोडले, दुसऱ्याने प-फ-ब-भ-म सोडले. दोघांचाही विषय श्रद्धेचा होता आणि दोघांनीही त्यात खेळ मांडला. ज्याचे भाषेवर प्रेम असते त्याला तिच्याशी खेळावेसे वाटतेच.

करायचे काय, तेही सांगतो. रमजानच्या दुपारी जोहर ते असर मुलांना वेळ जात नाही आणि मोबाइल हातातून सुटत नाही. त्या तासाभरात हा खेळ बसतो. साहित्य म्हणजे एक जुनी वही. मोठा शब्द रोजच्या पाहण्यातला घ्या : दुकानाच्या पाटीवरचा, एसटीच्या बोर्डावरचा, वीजबिलावरचा. दहा मिनिटांची वेळ लावा. शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक गुण द्या, म्हणजे मुले दोन अक्षरांवर थांबत नाहीत. जो शब्द दुसऱ्या कोणालाच सुचला नाही त्याला दुप्पट गुण. शेवटी प्रत्येकाने आपल्या यादीतल्या एका शब्दाचे गाव शोधायचे, तो कुठून आला ते कोशात बघून बाकीच्यांना सांगायचे. शेजारच्या मुलांनाही बोलवा, कारण त्यांना सुचणारे शब्द वेगळे असतात. आमच्याकडे गिलका हा शब्द असाच एका शेजारच्या मुलाने काढला. आमच्या मुलांनी ती भाजी शंभरदा खाल्ली होती, पण शब्द त्याला दिसला. आणि जमले तर मुलांना एकदा सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा. 1840 पासून ते आपल्या शहरात उभे आहे. कोशाचा जाड खंड हातात घेऊन पान उलटणे ही मोबाइलवर शब्द शोधण्याहून वेगळी गोष्ट आहे.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच की अशा प्रश्नाचे उत्तर तपासताना शब्द ओळखीचा वाटला नाही तर रेघ मारण्याआधी कोश उघडावा. मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात म्हणजे जुनी आणि समृद्ध. ही समृद्धी कुठून कुठून आली हे मुलांना कळू द्यावे. दरवर्षी 27 फेब्रुवारीला, नाशिकच्या कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. भाषणे होतात, दिंडी निघते, मुलींना नऊवारी नेसवतात. त्या दिवशी फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहून वर्गाला दहा मिनिटे दिली, तर कोणाच्या घरातून कोणते शब्द येतात ते सगळ्यांना दिसेल. त्या दहा मिनिटांत कोणी पाहुणा राहणार नाही.

आमचा शब्द अजून संपलेला नाही. अगदी कडक नियमाने खेळलात, एकही काना हलवला नाही, तरी महानगरपालिका या शब्दातून आणखी दोन शब्द निघतात. एक आहे 'नकार'. दुसरा 'लिहा'. आपल्या मुलांच्या हाती यांतला कोणता शब्द द्यायचा, हे शाळेने ठरवायचे आहे, समाजाने ठरवायचे आहे आणि आपणही ठरवायचे आहे.